कोरडा सांधा

इचलकरंजीचा माणूस जगात कुठेही ओळखू येतो. तो बोलत नाही, ओरडतो. मागांच्या खडखडाटात वाढलेल्याला हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं वाटतं. मधली दहा-बारा वर्षं मात्र गावात ओरडायला कारणच उरलं नव्हतं. माग किलोच्या भावाने भंगारात गेले, पोरं पार्सलं पोचवायला पुण्याला गेली, आणि शेडच्या शेड मंगल कार्यालयं झाल्या. त्यातही लग्नं कमीच, कारण नवरदेव सगळे पुण्यात.

मग ‘आवळ’ आलं.

आवळ हे कापडाचं नाव. जवानाने गणवेशाच्या आत, अंगालगत घालायचं. गोळी अडवणं हे त्याचं काम नाही, ते चिलखताने बघावं. गोळी किंवा छर्रा आत घुसलाच, तर हे कापड त्या जागी आपणहून आवळतं आणि दवाखाना येईपर्यंत जखम दाबून धरतं. जखम जीवघेणी नसतानाही नुसतं रक्त वाहून माणूस जातो, तो जाऊ नये म्हणून.

यातलं शास्त्र मी कारखाना बघायला येणाऱ्या शाळेतल्या पोरांना सांगते तसंच सांगते. आवळचा धागा केसाहून बारीक असतो आणि त्याला आपली मूळ लांबी लक्षात असते. तो गरम करून ताणतात आणि ताणलेला असतानाच त्याला खळ देतात. खळ आमच्या गावाला नवी नाही. साधं सूतसुद्धा खळ देऊन कडक केल्याशिवाय मागावर टिकत नाही. ही खळ प्रयोगशाळेतली, पण मुळात पिष्टच, म्हणजे स्टार्च. ती शाबूत असेतोवर धागा ताणलेला राहतो. घामाने, पावसाने, धुलाईने ती सुटत नाही. रक्तात मात्र पिष्ट तोडणारं एक विकर असतं, ज्याला सगळे एन्झाइम म्हणतात. ऊन रक्त लागलं की त्या विकराने खळ सुटते आणि धागा आखडतो. त्याच्या ओढीने शेजारच्या धाग्याची खळ तडकते, मग त्याच्या शेजारच्याची, आणि पापणी लवायच्या आत ओंजळभर कापड मूठ आवळावी तसं जखमेवर बसतं. धागा हे काम जन्मात एकदाच करतो. आखडला की संपला.

असा धागा विणताना सारखा तुटतो. तुटलेली दोन टोकं गाठ न मारता एकमेकांत वळून सांधावी लागतात. गाठ मारली तर तिचा खडा अंगाला टोचतो आणि कापडाची ओढही तिथेच अडते. यंत्राच्या चिमट्याने धरलं तर खळ तडकते, हातमोजा घातला तर धागा मोज्याला चिकटतो. उघडी, धुतलेली, सवयीची बोटंच लागतात. हे कळल्यावर ‘कवचतंतू’ कंपनीने देशभर बोटं शोधली. ती आमच्याकडे सापडली, रिकामी बसलेली.

पहिला माणूस त्यांनी घेतला तो माझा बाप. धोंडीराम मुरदंडे, सगळ्या गावाचे आप्पा. त्यांनी साहेब लोकांपुढे डोळे मिटून तुटका धागा सांधून दाखवला आणि म्हणाले, “आता तुमी उघड्या डोळ्यांनी शोधा कुठं जोडलाय.” नम्रता हा प्रकार आप्पांच्या अंगाला कधी लागलेला नाही. कंपनीने त्यांना सांधणी खात्याचा उस्ताद केलं. सहा वर्षांत बाराशे माणसं त्यांच्या हाताखाली शिकली. भाजीची गाडी लावणारे, रिक्षावाले, घरी बसलेल्या बाया, पुण्याहून परत आलेले. खात्यात बाराशे जोड्या हात चालत, आणि चालायची ढब एकच, आप्पांची.

मी त्याच कंपनीत गुणवत्ता खात्याची प्रमुख, पद्मजा. बाप विणतो आणि लेक खोट काढते, असं गावात चेष्टेने म्हणत. त्या वर्षी शेजारी दुसरी शेड उभी राहिली होती. लष्कराची अंतिम मान्यता आली की तिच्यात तीन हजार माणसं लागणार होती. माणसं मान्यतेची वाट बघत थांबली नव्हती, आधीच आली होती. भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या, मिसळीच्या गाड्यांवर रांगा लागल्या. माझा धाकटा भाऊ सुशांतसुद्धा पुण्यातली नोकरी सोडून बायको-पोरासकट आला आणि आप्पांकडे सांधणी शिकू लागला. नव्या शेडमध्ये त्याचं नाव लागायचं होतं.

आणि तेव्हाच कर्नल वंदना इंगवले तपासणीला आल्या.

बाई साताऱ्याकडच्या, बोलायला गोड आणि बघायला घारीसारख्या. आजवर सगळ्यांनी कापडावर रक्त टाकून बघितलं होतं आणि सांधे नुसते ओढून बघितले होते. सांधा ओढीला पक्काच असायचा. कर्नलबाईंनी माणसाच्या हातासारख्या रबरी दंडावर आवळ चढवायला सांगितलं, भिंगातून एक सांधा शोधला आणि नेमकं त्याच्यावर रक्त सोडलं.

कापड आवळलं. पण सांध्याशी येऊन थबकलं. दोन्ही बाजूंनी मूठ वळली आणि मध्ये बोटभर फट राहिली. त्या फटीतून रक्त ठिबकत राहिलं.

“दुसरा बघू,” त्या म्हणाल्या.

दुसरा धरला. तिसरा पहिल्यासारखाच झोपला. दुपारपर्यंत कळलं की दर तीन-चार सांध्यांमागे एक झोपलेला आहे.

मी, कर्नलबाई आणि आमचे व्यवस्थापक शिरगुप्पे साहेब, तिघेच खोलीत होतो.

“कारण तुम्ही शोधायचं,” कर्नलबाई म्हणाल्या. “दक्षिणेत एका कारखान्याने आता खळ न तडकवणारा चिमटा बनवलाय, बंद पेटीत यंत्रमानव सांधे मारतो. सावकाश होतं, महाग पडतं आणि तिथे चाळीस माणसांत भागतं. पण त्यांचा सांधा झोपत नाही. दोष माणसाच्या हातात निघाला, तर ऑर्डर तिकडे जाईल. मला दुसरा मार्ग नाही.”

“चाचणीसाठी पाठवलेल्या पहिल्या लॉटचं काय?” मी विचारलं.

“तो उत्तरेला एका ठाण्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “जवानांच्या अंगावर.”

आमची रसायनतज्ज्ञ डॉ. रेश्मा मुजावर माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने झोपलेले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि मला बोलावलं. खळ तडकलेली नव्हती. बाहेरून आत कुरतडल्यासारखी विरली होती. धागा तिथे मुंगीच्या पावलाएवढा आखडला होता आणि आता तो कशालाच जागा होणार नव्हता.

“हे रक्तातल्या विकराचंच काम आहे,” रेश्मा म्हणाली. “पण इथे रक्त नव्हतं. त्याच जातीचं विकर आणखी एका जागी असतं, आणि रक्तापेक्षा कितीतरी जास्त.”

“कुठे?”

“भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड का लागतो?”

लाळ. मी हसले. मग हसू थांबलं.

“शक्य नाही. भिंतीभर पाटी लावलीये आपण. सांध्याला ओलावा लावू नये. पाटीचा मजकूर मी लिहिलाय.”

“बरं,” ती म्हणाली. “हा धागा घे. एक सांधा मार.”

मी मारला. मागवाल्याची पोर आहे मी, मला येतो. तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. तिने माझं चित्रण केलं होतं. मी टोकं उचलली, उजव्या हाताची तर्जनी ओठांशी गेली, जिभेच्या टोकाला लागून परत आली, आणि मी धागा वळला. इतकं झटकन की मला स्वतःला दिसलं नव्हतं.

“परत लाव,” मी म्हणाले. परत बघितलं. तरी विश्वास बसेना.

आमच्याकडे सगळे असंच करतात. सुताचं टोक पिंजारलेलं असतं, जरा ओलं केलं की निमूट वळतं. पिढ्यान् पिढ्या बोट जिभेकडे गेलेलं आहे. मी खात्यात फिरून विचारलं, तर जो तो म्हणाला, “छे हो मॅडम, आमी कशाला लावतोय?” आणि कोणी खोटं बोलत नव्हतं. तोंडाला मास्क होते, पण हवा दमट ठेवावी लागते म्हणून ते हनुवटीवर विश्रांती घेत होते. कॅमेरे होते, पण युनियनशी करार असा की कॅमेरा धाग्याकडे बघेल, माणसाच्या तोंडाकडे नाही. करार चांगलाच होता. मीच त्याच्यावर सही केली होती.

शिरगुप्पे साहेबांनी सगळं ऐकून डोळ्यांवरचा चष्मा काढला. हा माणूस वाईट नाही. त्याचे स्वतःचे माग भंगारात गेलेले, आणि त्या दिवशी तो ट्रकमागे चालत गेला होता हे गावाने बघितलंय.

“पद्मजा, एक ऐक. धाग्याच्या पुरवठादाराची खळ कच्ची निघाली म्हणून कळवू. तोवर इकडे गुपचूप सवय मोडू. पुढच्या तपासणीला सगळे सांधे जागे. कोणाचं काय बिघडलं?”

“आणि ठाण्यावरच्या लोकांचं?”

ते खिडकीकडे बघत राहिले. खिडकीतून नवी शेड दिसत होती.

“तीन हजार घरं आहेत गं,” ते म्हणाले. “हात खराब म्हणून एकदा शिक्का बसला ना, तर या गावाला परत कोणी काम देणार नाही. सकाळपर्यंत विचार कर.”

मी घरी गेले. जेवणं झाली होती. आप्पा पलंगावर बसून पान लावत होते. कंपनीत पानाला बंदी, त्यामुळे घरी आल्यावर ते दिवसभराचं उट्टं काढतात. सुशांत जमिनीवर बसून पोराच्या नव्या वह्यांना कव्हरं घालत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

पहिल्यांदा सुशांत बोलला. “अक्का, तू हे कर्नलला सांगितलंस तर मी परत पुण्याला. परवाच पोराचं नाव घातलंय शाळेत.”

“मला माहिती आहे.”

“माझं सोड. बाराशे लोक आत हायत, त्यांचं काय?”

आप्पांनी पान तोंडात टाकलं आणि माझ्यावर डोळे वटारले. “खुळी का काय तू? मी त्यास्नी थुका लावायला शिकवलं म्हणतीस?”

“शिकवलं नाही म्हणत. तुम्ही करता, ते बघून त्यांनी उचललं म्हणते.”

“मी करत न्हाई! त्या पाटीखाली सा वर्सं उभा ऱ्हातोय मी. उभ्या जन्मात माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं न्हाई, आन् माझी पोर येऊन मला शिकवतीय! बोट तोंडाला लावायला मी काय बारकं पोरगं हाय?”

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. कव्हराला लावायचा दोरा सुशांतच्या पुढ्यात पडला होता. तो मी तोडला आणि दोन टोकं आप्पांच्या हातात दिली.

“सांधा.”

त्यांनी रागारागाने टोकं घेतली, वळली आणि सांधा माझ्यापुढे नाचवला. “हे बग! लावलं का तोंडाला?”

“तुमचं बोट बघा, आप्पा.”

तर्जनीचं पहिलं पेर लालभडक होतं. पानाचा ताजा रंग, ओला. दोऱ्यावरही लाल ठिपका उमटला होता.

आप्पा त्या बोटाकडे बघत बसले. मी त्यांना चिडलेलं बघितलंय, आजारी बघितलंय, माग विकला त्या दिवशी तर रडताना बघितलंय. पण असं कधी बघितलं नव्हतं. स्वतःच्याच हाताने दगा दिलेला माणूस कसा दिसतो ते मला त्या रात्री कळलं, आणि मला वाटलं की मी दोरा दिला नसता तर बरं झालं असतं.

मग ते उठले, मोरीत जाऊन चूळ भरली, बोट घासून घासून धुतलं आणि परत येऊन बसले.

“पोरं तोंडाकडं बगून शिकत न्हाईत, पदे,” ते म्हणाले. “हाताकडं बगून शिकत्यात. बाराशे जणांच्यात माजंच बोट हाय ते.” मग सुशांतकडे वळून म्हणाले, “तिकडं कुणाच्या तरी पोराच्या अंगावर झोपलेलं कापड हाय. तुज्या शाळेचं आपण मागनं बगू.” आणि मला म्हणाले, “लाव फोन त्या कर्नलबाईला. माज्याम्होरं लाव.”

सुशांतने मान खाली घातली. पण फोन माझ्या पर्समधून त्यानेच काढून माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. लाळ, बोट, पाटी, करार, माझं स्वतःचं चित्रण. काही राखून ठेवलं नाही.

“कपडे मी आत्ताच उतरवून घ्यायला सांगते,” कर्नलबाई म्हणाल्या. “हे तुम्ही लपवू शकला असता, मुरदंडे मॅडम.”

“हो.”

“म्हणून एक संधी देते. पावसाळा संपला की मी येईन. दोनशे माणसं मी चिठ्ठ्या टाकून निवडणार. प्रत्येकाने आदल्या दिवशी माझ्यासमोर सांधे मारायचे, आणि तपासायचं बाटलीतल्या रक्ताने नाही. ज्याचा सांधा त्याचं रक्त. एखाद-दुसरा झोपला तर मी समजून घेईन. त्याहून जास्त झोपले, तर पुढे मला फोन करू नका. आणि ज्याचा झोपेल त्याने पुन्हा धाग्याला हात लावायचा नाही. मग तो कोणीही असो.”

दुसऱ्या दिवशी शिरगुप्पे साहेब माझ्याशी बोलले नाहीत. पण आप्पांनी तिन्ही पाळ्यांची माणसं नव्या शेडमध्ये एकत्र मागितली, तेव्हा नाहीही म्हणाले नाहीत. आप्पांनी माइक घेतला नाही, त्यांना लागत नाही.

“ऐका रं!” ते म्हणाले. “आपण जवानाच्या जखमंवर थुकतोय.”

खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी “आप्पा, काय बोलताय!” म्हणालं.

“खरं बोलतोय. मी थुकतोय, म्हणून तुमीबी थुकताय.” आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बोट दाखवूनसुद्धा दाखवलं. स्वतःचा कमीपणा सांगतानाही त्या माणसाचा रुबाब कमी होत नव्हता. शेवटी म्हणाले, “आजपासनं पान खायचं!”

आणि अशा रीतीने, पान खाल्ल्याबद्दल कामगारांना दंड करणाऱ्या कंपनीने टोपल्यांनी पानं मागवली. कात, चुना, थोडा गुलकंद, सुपारी-तंबाखू बंद. ज्यांना पान चालत नव्हतं त्यांना बीटचा रस. रंगलेल्या तोंडाने पांढऱ्या साध्या सुतावर सराव करायचा. बोट जिभेला लागलं की लाल, धागा लाल. चुगली करायला दुसरं कोणी नको. पहिल्या आठवड्यात सुताच्या कांड्या कुंकवाच्या पुड्यांसारख्या दिसत होत्या. ज्याने “मी कधीच लावत नाही” म्हणून मोठा आवाज केला होता, त्याची कांडी सगळ्यांत लाल, आणि मग अख्खी पाळी त्याला “काय पाव्हणं, लगीन ठरलं का?” म्हणून विचारायची.

पण नुसतं ‘करू नको’ म्हणून हात ऐकत नाही, त्याला जायला दुसरी जागा लागते. रेश्माने प्रत्येक मागाशी बँकेतले कॅशियर नोटा मोजायला ठेवतात तसला ओला स्पंज ठेवला. शुद्ध पाण्याचा, कारण नुसत्या पाण्याने खळ सुटत नाही. बोट ओठांकडे निघालं की ते वळवून स्पंजावर न्यायचं. दिवसातून शंभरदा, हजारदा. आषाढ गेला, श्रावण गेला. कांड्या गुलाबी झाल्या, मग फिकट, मग एकेक करून पांढऱ्या. सुशांतची पांढरी झाली त्या दिवशी त्याने ती घरी आणून देवापुढे ठेवली. माझी व्हायला त्याच्यापेक्षा जास्त दिवस लागले, हे मी मुद्दाम सांगते.

आप्पांची कांडी कधी पांढरी, कधी ठिपकेदार. ते दुसऱ्यांच्या हातांवर डोळा ठेवून असायचे, त्यात स्वतःच्या हाताकडे बघायला त्यांना सवड नसे.

तपासणीच्या आदल्या दिवशी कर्नलबाईंनी चिठ्ठ्या काढल्या. दोनशे नावं आली. सुशांतचं आलं. आप्पांचं आलं नाही, आणि माझ्या जिवात जीव आला.

“माजंबी घाला,” आप्पा म्हणाले.

मी त्यांना बाजूला ओढलं. “आप्पा, तुमचं नाव आलेलं नाही. तुम्ही शिकवणारे. बसायची गरज नाही. तुमचा सांधा झोपला तर...”

“तर?”

“तर मला तुम्हाला खात्यातून काढावं लागेल. मलाच.”

“मग काढ की,” ते म्हणाले. “शिकवणारा मागं बसला आन् पोरांस्नी म्होरं घातलं, असं माज्याच्यानं हुणार न्हाई.” आणि जाऊन पहिल्या मागाशी बसले.

दुसऱ्या दिवशी नव्या शेडमध्ये टेबलं मांडली. रबरी दंड, त्यांच्यावर आवळ, आणि शेजारी लष्कराचे डॉक्टर सुया घेऊन. डॉक्टरांनी आप्पांचं वय बघून कपाळाला आठ्या घातल्या. आप्पांनी बाही वर केली. “घ्या वो. रक्त जुनं हाय, पातळ न्हाई.”

चार थेंब काढले. त्यांच्या सांध्यावर सोडले.

कापड आवळलं. सांध्याशी आलं. थांबलं. फटीतून आप्पांचं रक्त टेबलावर ठिबकायला लागलं.

गुणवत्ता खात्याची प्रमुख म्हणून निकाल मी मोठ्याने वाचायचा होता. कर्नलबाई माझ्याकडे बघत होत्या. मी हातातली यादी परत पहिल्यापासून बघितली.

“वाच की,” आप्पा म्हणाले.

“धोंडीराम मुरदंडे. सांधा झोपलेला. नापास.”

पहिल्या घासालाच खडा. रांगेत उभ्या माणसांचे चेहरे उतरलेले मला दिसत होते. उस्तादाचाच झोपला, मग आपलं काय? शिरगुप्पे साहेब भिंतीला टेकले. मला तीन हजार घरं दिसली, मिसळीच्या गाड्या दिसल्या, आणि मी त्या क्षणी स्वतःला शिव्या घातल्या की कशाला फोन केलास.

दुसरा नंबर सुशांतचा. त्याने हात पुढे केला. डॉक्टरांनी थेंब सोडले. कापड आवळत सांध्याशी आलं, आणि सांध्यावरून पुढे गेलं, सगळं मिटलं. कर्नलबाईंनी कडेने नख घालून बघितलं, ते आत जाईना.

“सुशांत मुरदंडे,” मी वाचलं. “सांधा जागा. पास.”

तिसरी सलमा बागवान, पूर्वी भाजीची गाडी लावायची. पास. चौथा, पास. पाचवी, पास. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, बोलत नव्हतं. एकेक जण बाही वर करून यायचा, आपलं रक्त आपल्या कामावर सांडायचा आणि दंडाला कापूस दाबून बाजूला उभा राहायचा. दुपार झाली. जेवायला कोणी गेलं नाही. शंभराच्या पुढे गेल्यावर कर्नलबाईंनी नख घालून बघणं सोडलं. दीडशेच्या पुढे शिरगुप्पे साहेब भिंतीपासून सरळ उभे राहिले. माझा आवाज बसला होता, तरी यादी मी कोणाच्या हातात दिली नाही. शेवटचं नाव वाचलं, “पास” म्हटलं, आणि खाली बसले.

आप्पा पहिल्या टेबलाशीच बसून होते. सकाळपासून हलले नव्हते. मी त्यांच्याजवळ गेले.

“किती पडले?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही एकटेच, आप्पा.”

“बाकी सगळ्यांनी धरलं?”

“सगळ्यांनी. एकही झोपला नाही.”

त्यांनी शेडभर नजर फिरवली. दंडावर कापूस दाबून उभी असलेली ती दोनशे माणसं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं त्यांना निकाल नीट समजलाच नाही.

“मग शाळा पास झाली म्हण की!” ते म्हणाले. “मास्तराचं काय घिऊन बसलीस?”

कर्नलबाई आल्या. त्यांच्या हातात सही केलेला मान्यतेचा कागद होता, पण तो त्यांनी आधी शिरगुप्पे साहेबांना दिला नाही. त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या.

“मामा, नियम माझाच आहे. धाग्याला हात नाही लावायचा.”

“न्हाई लावत.”

“पण तीन हजार नवी माणसं येतायत. शिकवाल?”

“हात न लावता?” आप्पांनी मान डोलावली. “शिकवतो की. कसं करायचं न्हाई हे माज्याइतकं कुणाला ठावं हाय?”

मग त्यांनी गळ्यातला सांधणी खात्याचा पास काढला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. घेताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण वाईट वाटून नव्हे. या माणसाने आपली चूक बाराशे माणसांपुढे सांगितली, बाराशे हातांतून ती काढली, आणि उरलेली एकटी आपल्या हातावर घेऊन सगळ्यांच्या आधी टेबलाशी जाऊन बसला. असा बाप असल्याचा अभिमान कुठे ठेवू हे मला समजेना.

आप्पा उठले आणि दाराकडे निघाले. वाटेत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कोणीतरी कापूस खाली टाकला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आप्पा कोणाला थांबवत नव्हते. वाकणाऱ्या प्रत्येकाचा उजवा हात धरून वर उचलत होते आणि त्याच्या बोटाचं टोक उजेडात धरून बघत होते, कुठे लाल लागलंय का.